चाप ओढला की फवारा कसा उडतो: स्प्रे बाटलीचं डोकं उघडून बघायची पद्धत

आमच्या गल्लीतल्या सलूनमध्ये पाण्याची स्प्रे बाटली दिवसभर कोणाच्या ना कोणाच्या हातात असते. मागच्या महिन्यात तिथल्या कारागिरानं ती माझ्यापुढे धरली. "काका, बघा जरा. पहिले सात-आठ दाब कोरडेच जातात. दहा मिनिटं बाजूला ठेवली की परत तेच." मी बाटलीचं डोकं फिरवून काढलं, नळी पाण्याच्या ग्लासात बुडवली आणि चाप ओढला. नळीच्या खालच्या टोकातून बुडबुडे निघाले. चाप ओढल्यावर आतलं सगळं नोझलकडे जायला हवं, खाली काहीच यायला नको. म्हणजे खालची झडप बसत नव्हती. डोकं उघडलं, तर त्या झडपेच्या काचेच्या गोळीखाली एक बारीक केस आडवा अडकला होता. तो काढला, डोकं जोडलं, आणि तिसऱ्या दाबाला फवारा सुरू झाला.

विहिरीवरच्या मोटारीचा फूट व्हॉल्व गळायला लागला की नळीतलं पाणी खाली उतरतं, मोटार हवा धरते आणि माणूस बादली घेऊन पाणी भरत बसतो. स्प्रेच्या बाटलीला झालेला आजार अगदी तोच होता. फक्त इथे सगळा पंप अंगठ्याएवढ्या जागेत बसवलेला असतो. सिलिंडर, दट्ट्या, दोन झडपा (त्यांतली खालची म्हणजेच इथला फूट व्हॉल्व), नोझल, हवा आत घ्यायची वाट, सगळं त्यात आहे. मला हे यंत्र फार आवडतं. पन्नास-साठ रुपयांच्या वस्तूत इतका विचार भरलेला असतो, आणि आपण ती एका केसापायी कचऱ्यात टाकतो.

डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला असाल, घरी बाल्कनीत झाडं असतील, किंवा नुसतंच कुतूहल असेल, तर एक जुनं डोकं घ्या आणि पुढच्या पायऱ्यांनी जा. दुपारचा एक तास पुरतो.

आधी काय जवळ घ्यायचं

पाण्याची किंवा इस्त्रीला वापरलेली स्प्रे बाटली निवडा. कीटकनाशक, ॲसिड किंवा ब्लीच भरलेलं डोकं शिकायला घेऊ नका. धुतलं तरी सिलिंडरच्या मागच्या कोपऱ्यात एखादा थेंब राहतोच आणि उघडताना तो नेमका डोळ्याकडे उडतो. बाकी एक छोटा चपटा स्क्रू ड्रायव्हर, पाण्याचा ग्लास, खोकल्याच्या औषधासोबत येतं ते मापाचं झाकण, आणि पसरट पांढरी थाळी. थाळी कंटाळा न करता घ्याच. गोळी टेबलावरून घरंगळली की कपाटाखाली जाते आणि तिच्याशिवाय पुढचं सगळं अडतं. भिंग नसेल तर मोबाईलचा कॅमेरा मोठा करून वापरा.

पायरी १: उघडण्याआधी मोजा

नळी पूर्ण कोरडी करा. डोकं हातात धरून नळी ग्लासातल्या पाण्यात बुडवा आणि चाप सावकाश, पूर्ण ओढत मोजत जा. पाणी कितव्या दाबाला येतं?

हिशेब असा. नळीचं आतलं भोक ३ मिमी आणि लांबी २० सेंमी धरली, तर तिच्यात जवळपास १.४ मिली हवा मावते. शिवाय सिलिंडरमध्ये आणि नोझलपर्यंतच्या वाटेत थोडी. एका दाबात पंप साधारण १ मिली ढकलतो. म्हणजे पहिले दोन-तीन दाब हवा काढण्यात जाणारच, तो दोष नव्हे. चारपर्यंत चालवून घ्या. त्यापुढे गेलं तर कुठेतरी हवा शिरतेय किंवा पाणी मागे उतरतंय.

आता पाणी सुरू झाल्यावर नोझल मापाच्या झाकणात धरून दहा दाब मारा. १० मिलीच्या आसपास भरलं तर एका दाबाला १ मिली. घरगुती स्प्रे साधारण ०.७ ते १.३ मिली देतात. हा आकडा कागदावर लिहून ठेवा, पुढे लागेल.

पायरी २: बोटाची आणि बुडबुड्यांची परीक्षा

या दोन परीक्षांत निम्मे आजार बाहेरूनच कळतात.

पहिली परीक्षा तुम्ही वर वाचलीच. नळी पाण्यात, चाप ओढा, खाली बुडबुडे किंवा पाण्याची हालचाल दिसली तर खालची झडप गळते आहे.

दुसरीसाठी चाप पूर्ण ओढून धरा, नळीच्या टोकावर ओलं बोट घट्ट लावा आणि चाप सोडा. बोटाला ओढ जाणवली पाहिजे. कातडी किंचित आत खेचली जाते, ते कळतं. ओढ नाहीच लागली, तर हवा दुसरीकडून आत येते आहे. नळी तिच्या खोबणीत सैल झाली असेल, दट्ट्याचा ओठ, म्हणजे टोकाची पातळ कड, झिजला असेल, किंवा नोझलकडची वरची झडप उघडी राहत असेल. नळी मुळाशी बोटांनी घट्ट दाबून धरा आणि परीक्षा पुन्हा करा. आता ओढ आली तर दोषी नळीच.

पायरी ३: डोकं उघडणं

नोझलची टोपी काही बनावटींत आट्यांनी फिरते, काहींत नुसती दाबून बसवलेली असते आणि अर्धा-पाव फेरा घेऊन "बंद" आणि "चालू" दाखवते. दाबून बसवलेली टोपी सरळ पुढे ओढायची, पिळायची नाही. वरचं कवच मागून किंवा बाजूंनी खाचांत अडकवलेलं असतं. स्क्रू ड्रायव्हर खाचेत घालून हलकेच उचला. प्लास्टिक थंड असेल तर आधी पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, खाचा मऊ होतात आणि तुटत नाहीत.

मग चाप. त्याला वर दोन बाजूंना दोन छोट्या गोल खुंट्या असतात, त्यांवरच तो झुलतो. एक बाजू जरा फाकवली की सुटतो. त्याच्यामागे दट्ट्या बाहेर येतो, आणि आत स्प्रिंग असेल तर तीही. इथे थाळीवर वाकूनच काम करा, स्प्रिंग दाबलेली असते.

जसा भाग निघेल तसा थाळीत ओळीनं मांडा आणि मोबाईलवर फोटो काढत जा. जोडताना तोच नकाशा.

पायरी ४: दट्ट्या, सिलिंडर आणि चाप

दट्ट्या म्हणजे पिस्टन. हातात घेऊन उजेडात फिरवा. टोकाला पातळ, बाहेर पसरत जाणारी कड दिसेल, एखाद्या फुलाच्या पाकळीसारखी. हाच ओठ. पाण्याचा दाब आला की तो आपोआप सिलिंडरच्या भिंतीवर जास्त घट्ट बसतो. दाब वाढला की पकड वाढते, दाब गेला की ढिली होते. त्यामुळे रबरी वायसर न लावताही तो पाणी अडवतो. दट्ट्या बहुतेक मऊ पॉलिथिनचा असतो आणि सिलिंडर पॉलिप्रॉपिलीनचा. दोन वेगळी प्लास्टिकं एकमेकांवर बरी सरकतात. एकाच जातीची असली तर घासून लवकर धरतात.

आता मोजमाप. सिलिंडरचा व्यास १२ मिमी आणि दट्ट्याची धाव ९ मिमी असेल, तर क्षेत्रफळ ११३ चौरस मिमी आणि एका धावेत १०१७ घन मिमी, म्हणजे १ मिली. पायरी १ मध्ये लिहिलेल्या आकड्याशी ताडून बघा. मोजलेलं माप हिशेबापेक्षा बरंच कमी आलं असेल तर तेवढं पाणी कुठेतरी मागे गळतंय.

चापाची लांबीही मोजा. वरच्या खुंटीपासून दट्ट्याला टेकणाऱ्या जागेपर्यंतचं अंतर आणि खुंटीपासून बोट जिथे बसतं तिथपर्यंतचं अंतर. दुसरं पहिल्याच्या दुप्पट असेल तर बोटाचा जोर दट्ट्यावर दुप्पट होतो. समजा बोटांनी १५ न्यूटन लावले, म्हणजे दीड किलो वजन पेलायला लागतो तेवढा जोर. दट्ट्यावर ३० न्यूटन पोचले. त्यातले १० स्प्रिंग दाबण्यात गेले असं धरू. उरलेले २० न्यूटन ११३ चौरस मिमीवर, म्हणजे जवळपास १.८ बार, २६ पीएसआय. स्कूटरच्या चाकात साधारण एवढाच दाब असतो, आणि तो आपण दोन बोटांनी तयार करतो.

दट्ट्या बारीक केला तर दाब वाढेल पण पाणी कमी निघेल. जाड केला तर पाणी भरपूर, पण बोटं दुखतील आणि फवारा जाडाभरडा होईल. चाप लांब केला तर जोर कमी लागेल, पण हात जास्त ओढावा लागेल आणि लहान पंजाच्या माणसाला पुरणार नाही. नवी रचना आखणारा माणूस याच ओढाताणीत असतो. सलूनवाल्याला दिवसात शेकडो दाब मारायचे असतात, त्याच्यासाठी हलका चाप महत्त्वाचा. काच पुसणाऱ्याला बारीक फवारा हवा.

स्प्रिंगबद्दल एक गोष्ट मला स्वतःला हिशेब मांडेपर्यंत कळली नव्हती. वाटतं की स्प्रिंग पाणी वर ओढण्यासाठी आहे. पाणी २० सेंमी उचलायला लागणारा दाब फक्त २ किलोपास्कल, आणि १२ मिमीच्या दट्ट्यावर त्याचा जोर पाव न्यूटनही होत नाही. पंचवीस ग्रॅमहून कमी. मग एवढी दणकट स्प्रिंग कशाला? ओठांचं घर्षण मोडून दट्ट्या परत ढकलायला, आणि तोही इतक्या लवकर की माणसाला पुढचा दाब मारताना थांबावं लागू नये. म्हणून चाप परत येताना रेंगाळत असेल, तर आधी ओठांवर वाळलेला चिकटा बघा. स्प्रिंग दमलेली क्वचितच असते.

काही डोक्यांत स्प्रिंग सिलिंडरच्या आत, पाण्यातच असते. ती स्टेनलेस स्टीलची हवी. पण ब्लीच स्टेनलेसलाही खातं, त्यामुळे अशा द्रवांसाठी स्प्रिंग बाहेर ठेवतात किंवा प्लास्टिकच्या वाकवलेल्या पट्टीची करतात. पूर्ण प्लास्टिकच्या डोक्याचा आणखी एक फायदा आहे. भंगारात गेल्यावर धातू वेगळा काढत बसावं लागत नाही.

पायरी ५: ते बारीक छिद्र

आता सिलिंडर आतून बघा. तोंडाजवळ, खालच्या बाजूला, एक बारीकसं छिद्र सापडेल. सुईच्या टोकाएवढं. पुष्कळांना ते दिसतच नाही, दिसलं तरी साच्याचा दोष वाटतो. माझ्या मते हे संपूर्ण यंत्रातलं सगळ्यात हुशार काम आहे.

दर दाबाला बाटलीतून १ मिली पाणी बाहेर जातं. तेवढीच हवा आत आली नाही तर काय होईल? बाटली ५०० मिलीची आणि तिच्यात पाण्यावर १०० मिली हवा आहे असं धरा. बाटली काचेसारखी कडक आणि तोंड घट्ट बंद. दहा दाब मारले, १० मिली पाणी गेलं. आता १०० मिलीतली हवा ११० मिलीत पसरली. तिचा दाब नऊ किलोपास्कलनं उतरला. पाण्याच्या उंचीत सांगायचं तर ९० सेंमीहून जास्त. म्हणजे २० सेंमी नळीतून पाणी ओढायच्या ऐवजी पंपाला एक मीटरहून जास्त खोल विहिरीतून ओढावं लागेल, आणि तेही फक्त दहा दाबांत! बाटली मऊ प्लास्टिकची असेल तर तिच्या भिंती आत ओढल्या जातात, बाटलीचं पोट खपाटीला जातं.

मग झाकणाला सरळ एक भोक का पाडत नाहीत? बाटली आडवी झाली की त्यातून पाणी गळेल म्हणून. उघडंही हवं आणि बंदही हवं, अशी अट आहे. उत्तर दट्ट्यातच दडलंय. दट्ट्या पुन्हा हातात घ्या. त्याला एक नव्हे, दोन ओठ आहेत, एक आतल्या टोकाला आणि एक बाहेरच्या अंगाला. चाप सुटलेला असतो तेव्हा हे छिद्र बरोबर दोन ओठांच्या मध्ये असतं. बाहेरचा ओठ हवेची वाट अडवतो, बाटली उलटी केली तरी थेंब बाहेर येत नाही. चाप ओढला की दट्ट्या आत सरकतो, बाहेरचा ओठ छिद्राच्या पलीकडे जातो आणि छिद्र मोकळ्या हवेला उघडं पडतं. बाटली श्वास घेते. चाप सुटला की परत बंद. वेगळी झडप नाही, वेगळी स्प्रिंग नाही. जो भाग पाणी ढकलतो त्याच्याच हालचालीत हवेचं दार उघडतं आणि लागतं. शिवाय आतल्या ओठाला चुकवून एखादा थेंब निसटलाच, तर तो याच छिद्रातून बाटलीत परत पडतो.

दट्ट्या सिलिंडरमध्ये परत घाला, सावकाश आत-बाहेर करा आणि तोंडातून बघत राहा. ओठ छिद्रावरून सरकताना दिसतो. हा क्षण चुकवू नका.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात प्लास्टिक मोल्डिंगच्या एका ठिकाणी आमच्या हातून एक लॉट असाच बिघडला होता. साचा थोडा झिजला होता आणि नेमकं या छिद्रावर प्लास्टिकचा कागदासारखा पातळ पापुद्रा येत होता. शॉपफ्लोअरवर त्याला फ्लॅश म्हणतात. डोकी दिसायला स्वच्छ, पहिले पाच-सात दाब झकास. त्यामुळे तपासणीत सगळी पास झाली. गिऱ्हाइकाकडून बाटल्या परत आल्या त्या पोट आत गेलेल्या. तेव्हापासून मी कुठलंही डोकं तपासताना सलग पंचवीस दाब मारतो, कमी नाही.

पायरी ६: दोन झडपा

खालची झडप म्हणजे नळीच्या वर बसलेली गोळी. काचेची किंवा स्टीलची. चाप सुटला की ओढीनं ती उचलली जाते, पाणी येतं. चाप ओढला की दाबानं आणि वजनानं खाली बसते. वजनावर अवलंबून असल्यामुळे बाटली उलटी धरली की हिचं काम बिघडतं, आणि तसंही नळीचं टोक हवेत गेलेलं असतं. उलटं चालणारी डोकीही मिळतात, त्यांत पाणी घ्यायची दुसरी वाट दिलेली असते.

वरची झडप सिलिंडर आणि नोझल यांच्या मध्ये असते. जुन्या बनावटींत तिथेही गोळी आणि छोटी स्प्रिंग, नव्यांत बहुधा मऊ प्लास्टिकची पाकळी. ती थोडी ताठ ठेवलेली असते आणि त्याला कारण आहे. दाब पुरेसा चढल्याशिवाय ती उघडत नाही, त्यामुळे सुरुवातीचे आणि शेवटचे ओघळ टळतात.

पण ती फार ताठ केली तर पंप सुरूच होत नाही. दट्ट्या पूर्ण आत गेल्यावरही सिलिंडरमध्ये जी मोकळी जागा उरते तिच्याकडे बघा. ही जागा अर्धा मिली असेल तर दीड मिली हवा दाबून अर्ध्या मिलीत येते, तिचा दाब तिप्पट होतो आणि झडप सहज उघडते. जागा २ मिली असेल तर तीन मिलीची दोन मिली होते, दाब जेमतेम दीडपट. म्हणजे वातावरणाच्या वर फक्त अर्धा बार. झडप एका बारला उघडणारी असेल तर ती हवा आतल्या आत दबत आणि पसरत राहील आणि पाण्याचा थेंबही वर येणार नाही. म्हणून चांगल्या रचनेत दट्ट्याचं टोक सिलिंडरच्या तळाला जवळजवळ भिडतं.

पायरी ७: नोझलमधला भोवरा

टोपी काढल्यावर आत एक छोटी खुंटी दिसते. तिच्या तोंडावर किंवा टोपीच्या आतल्या बाजूला बारीक खाचा असतात, दोन किंवा तीन. कॅमेरा मोठा करून बघा. खाचा मध्याकडे सरळ जात नाहीत, मधल्या गोल खड्ड्याच्या कडेला घासून, तिरक्या शिरतात. तिथे आलेलं पाणी गरगर फिरतं. बेसिनचा बूच काढल्यावर पाणी फिरत खाली जातं आणि मधोमध हवेची पोकळी तयार होते ना, तसंच इथे घडतं. अर्ध्या मिलीमीटरच्या आसपासच्या भोकातून पाणी भरीव धारेसारखं न निघता फिरणाऱ्या पोकळ नळीसारखं निघतं. बाहेर पडताच ती नळी फिरण्याच्या वेगानं फाकते, तिचा शंकू होतो, शंकूची भिंत पातळ होत जाते, फाटते, आणि तिचे थेंब होतात.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर बाटलीत कपड्यांची नीळ दोन थेंब टाका. रद्दीचा कागद उभा लावा आणि वीतभर अंतरावरून एकच दाब मारा. डाग भरीव ठिपका न होता कडा गडद आणि मध्य फिका असा येईल. पोकळ शंकूचा तो ठसा आहे. आता टोपी फिरवून धारेवर आणा आणि परत मारा. एकच ठिपका. टोपी फिरवल्यावर भोक तेच राहतं, फक्त पाण्याची वाट बदलते. तिरक्या खाचांऐवजी सरळ वाट मोकळी होते, पाणी फिरत नाही, म्हणून फुटत नाही. "बंद"वर दोन्ही वाटा झाकल्या जातात.

एकदा चाप जोरात आणि एकदा अगदी हळू ओढून बघा. हळू ओढल्यावर शंकू उघडतच नाही, नुसते मोठे थेंब गळतात. भोवरा दाबावर जगतो.

फेस करणाऱ्या डोक्यांत नोझलसमोर बारीक जाळी असते, थेंब तिच्यावर आपटून हवा मिसळते. एवढाच फरक.

पायरी ८: नळी

साधी वाटते पण इथे हमखास चूक होते. नळी बाटलीच्या तळाच्या कोपऱ्यापर्यंत पोचली पाहिजे, आणि तो कोपरा नोझलच्या बाजूचा हवा. आपण फवारताना बाटली पुढे झुकवतो, उरलेलं पाणी पुढच्या कोपऱ्यात जमतं. नळीचा बाक मागे असेल तर शेवटचं पाणी कधीच निघत नाही. नळीचं टोक तिरकं कापा. सरळ कापलेलं टोक तळाला सपाट टेकलं की स्वतःच बुजतं.

पायरी ९: कुठल्या लक्षणाला काय करायचं

बहुतेक आजार धुण्यानं बरे होतात. हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात सगळे भाग अर्धा तास ठेवा, साबणाचा थेंब टाका, मग साध्या पाण्यात खळखळून घ्या. बोअरचं पाणी वापरत असाल तर नोझलमध्ये पांढरा क्षार धरतो. त्याला पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान करून तासभर. पण ज्या डोक्यातून कधीही ब्लीच गेलंय त्याला व्हिनेगर लावू नका. ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद न्हाणीघरात तो जीवावर बेततो. याच कारणानं ब्लीचचं डोकं संडास साफ करायच्या ॲसिडच्या बाटलीवर कधीही लावायचं नाही.

फवारा एका बाजूला झुकत असेल तर तिरक्या खाचांतली एक बुजली आहे. भोकात सुई घालू नका! भोकाची कड धारदार आणि गोल असते, सुईनं ती ओरखडली की फवारा कायमचा वाकडा. टोपी भिजत घाला आणि भोकाच्या बाहेरच्या बाजूनं नळाच्या पाण्याची धार सोडा, कचरा आल्या वाटेनं परत जातो.

चाप सोडल्यावरही नोझलमधून थेंब ओघळत असेल तर वरच्या झडपेत कण अडकलाय. चापाच्या मागून पाणी झिरपत असेल तर दट्ट्याचा ओठ. तो चिरला नसेल, नुसता कोरडा पडला असेल, तर सिलिकॉन तेलाचा एक थेंब लावा. खोबरेल किंवा मशिनचं तेल नको. काही डोक्यांत रबरी वायसर असतात आणि त्यातलं एक नेहमीचं रबर तेलानं फुगतं. ओठ चिरलाच असेल तर मात्र ते डोकं बदला, चिरलेला ओठ जोडता येत नाही.

नळी सैल असेल तर तिचं वरचं अर्धा सेंमी टोक कापून टाका आणि नवं टोक खोबणीत पूर्ण दाबून बसवा.

झाडांना निंबोळी तेल फवारणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो, कारण बाल्कनीतली सगळ्यात जास्त डोकी यानंच मरतात. लिटरभर पाण्यात ५ मिली तेल हे नेहमीचं प्रमाण. पण तेल आधी थोड्या कोमट पाण्यात साबणाच्या थेंबांबरोबर दुधासारखं पांढरं होईपर्यंत घुसळा, मग बाकीचं पाणी घाला आणि फडक्यातून गाळून भरा. थंडीत हे तेल घट्ट होतं आणि खाचांत मेणासारखं बसतं. फवारून झालं की बाटलीत द्रव ठेवून देऊ नका. रिकामी करा, कोमट पाणी भरा आणि पंधरा-वीस दाब मारून मगच ठेवा. मी हे करायला लागल्यापासून एकच डोकं तिसऱ्या वर्षात चालू आहे.

पायरी १०: जोडणी आणि शेवटची परीक्षा

काढलेल्या फोटोंच्या उलट क्रमानं जोडा. गोळी टाकून डोकं हलवा, खुळखुळली पाहिजे. दट्ट्याचा ओठ सिलिंडरमध्ये घालताना ओला करा आणि जरा फिरवत घाला, कड दुमडली तर पंप कधीच ओढणार नाही. गळ्यातला वायसर जागेवर आहे ना, हे झाकण लावण्याआधी बघा. झाकण हाताला घट्ट लागेल इतकंच पिळा.

डोकं बदलायची वेळ आली तर बाटली दुकानात सोबत न्या. आपल्याकडच्या पुष्कळ बाटल्यांचा गळा २८ मिमीचा असतो, पण त्यात दोन जाती आहेत. २८/४०० वर आट्याचा एक फेरा असतो, २८/४१० वर दीड. चुकीची जोडी आट्यांवर चढते, घट्टही वाटते, पण वायसर नीट दबत नाही आणि बाटली झुकवली की गळ्यातून पाणी येतं.

आता कोरड्या नळीनं पुन्हा दाब मोजा आणि पायरी १ च्या आकड्याशेजारी लिहा. सलग पंचवीस दाब मारा आणि बाटलीच्या पोटाकडे लक्ष ठेवा. मग टोपी "बंद"वर करून बाटली रद्दीच्या कागदावर आडवी ठेवा, छिद्राची बाजू खाली. रात्रभर तशीच राहू द्या. सकाळी कागद कोरडा असेल तर दोन्ही ओठ, वायसर आणि टोपी आपापलं काम करताहेत. कागद ओला असेल, तर डाग नोझलखाली आहे, चापाखाली आहे की गळ्याखाली ते बघा, आणि तिथूनच उघडायला घ्या.